दाता ठरण्याआधी

कौंडण्यपूर हे वर्धा नदीच्या अमरावतीकडच्या काठावरचे, तिवसा तालुक्यातले गाव. रुक्मिणीचे माहेर म्हणून वऱ्हाडात त्याचा मान आहे आणि आषाढीला इथून पंढरपूरला जाणारी पालखी राज्यातल्या जुन्या पालख्यांपैकी एक आहे. या पंचक्रोशीत कुणाची किडनी फेल झाल्याचे निदान झाले की घरातले बोलणे ठरलेल्या वाटेने जाते. आधी पाण्याला दोष दिला जातो, मग खाल्लेल्या गोळ्यांना, मग नशिबाला. डायलिसिस अमरावतीला लावायचे, सावंगीला की नागपूरला, यावर चार दिवस खल होतो. डायलिसिससाठी हाताला फिस्टुला केला जातो, आठवड्यातून दोन-तीन फेऱ्या सुरू होतात, मजुरी बुडते, आणि काही महिन्यांत कुणीतरी विचारतोच की किडनी कोण देणार. आईवडील थकलेले असतात, बायकोचा रक्तगट जुळत नाही, मुले लहान असतात. मग सगळ्यांच्या नजरा भावाबहिणींकडे वळतात. बहुतेक आजारांत हे योग्यच आहे. जिवंत दात्याची किडनी मरणोत्तर मिळालेल्या किडनीपेक्षा सरासरीने जास्त वर्षे चालते आणि भावंडाशी ती जुळण्याची शक्यताही चांगली असते. पण आजार रक्तातून आलेला असेल, तर हा सगळा क्रम उलटा लावायला हवा, असे माझे ठाम म्हणणे आहे. अशा घरातला भाऊ किंवा बहीण ही दाता असण्याआधी स्वतःच संभाव्य रुग्ण असते. ‘देशील का?’ हे विचारण्याआधी ‘तुला हा आजार आहे का?’ हे तपासले गेले पाहिजे, तेही त्या भावंडाच्या भल्यासाठी आणि त्याच्या बाजूने विचार करणाऱ्या डॉक्टरकडून.

आनुवंशिक किडनीविकारांत सर्वाधिक आढळणारा म्हणजे पॉलिसिस्टिक किडनी. लोक त्याला किडनीवर पाण्याच्या गाठी म्हणतात. दोन्ही किडन्यांत द्रवाने भरलेल्या पिशव्या तयार होतात, वर्षानुवर्षे वाढतात आणि चांगला भाग दाबून टाकतात. हा आजार साधारण चारशे ते हजार जन्मांमागे एकाला असतो असा जगभरचा जुना अंदाज आहे. बहुतेकांत दोष सोळाव्या गुणसूत्रावरच्या पीकेडी १ या जनुकात असतो, तर काहींत चौथ्या गुणसूत्रावरच्या पीकेडी २ मध्ये. पहिल्या प्रकारात किडनी साधारण पन्नाशीच्या पुढेमागे निकामी होते, दुसऱ्यात सत्तरीच्या आसपास. आई किंवा वडील यांपैकी एकाकडे दोष असला की प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी, मग मुलगा असो वा मुलगी. थोरल्याला झाला म्हणून धाकटा सुटतो असे नसते, कारण प्रत्येक जन्माला नाणे नव्याने उडवले जाते. दहापैकी साधारण एका रुग्णात मात्र आईवडील दोघेही निरोगी असतात आणि दोष त्याच्यापासूनच सुरू झालेला असतो. अशा रुग्णाच्या भावंडांना धोका जवळपास नसतो. म्हणजे एकाच नावाच्या आजारात एका घरातले भावंड निर्धोक दाता ठरते आणि दुसऱ्या घरातले पुढचा रुग्ण. हा फरक कळायला आधी वंशावळ मांडावी लागते.

वऱ्हाडात नेमकी तीच मांडली जात नाही, आणि त्याला एक स्थानिक कारण आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतली सुमारे नऊशे गावे खारपाणपट्ट्यात येतात. दर्यापूर, भातकुली, अकोट, तेल्हारा, बाळापूर, संग्रामपूर या भागांत विहिरीचे आणि बोअरचे पाणी तोंडात धरवत नाही. तिथल्या गावांत किडनीच्या तक्रारी जास्त असल्याची ओरड खरी आहे आणि गोड्या पाण्याची मागणी शंभर टक्के रास्त आहे. पण या ओरडीचा एक अनपेक्षित परिणाम झाला. वऱ्हाडात कुणाचीही किडनी गेली की खारे पाणी हे उत्तर तयारच असते, अगदी जिथे खारपाणपट्टा नाही तिथेसुद्धा. कौंडण्यपूर पूर्णेच्या खोऱ्यात नाही, वर्धेच्या खोऱ्यात आहे. पाण्यातल्या क्षारांमुळे किडनी निकामी होते की आणखी कशामुळे, यावर अजून अभ्यास हवा. पॉलिसिस्टिक किडनीचे तसे नाही, तिचे कारण ठाऊक आहे आणि पाणी बदलल्याने ती टळत नाही. एका घरात दोघा भावांची किडनी गेली तर ‘दोघे एकाच विहिरीचे पाणी प्यायले’ असे म्हणणे सोपे असते. दोघांचा बाप एकच होता आणि तो पन्नाशीत डोक्यातली नस फुटून गेला होता, हे कुणी जोडून बघत नाही. या आजारात मेंदूतल्या रक्तवाहिनीला फुगा येण्याचे प्रमाण सामान्य लोकांपेक्षा कितीतरी जास्त असते. म्हणून ‘घरात कुणाला किडनीचा त्रास होता का?’ एवढेच विचारून भागत नाही. तिशीत रक्तदाब कुणाला लागला, लघवीतून रक्त कुणाला गेले, मुतखडा म्हणून कोण वर्षानुवर्षे औषध घेत होता, नस फुटून कोण गेले, हेही आत्या-काकांपर्यंत जाऊन विचारावे लागते.

भावंडाच्या किडनीवरचा आपला विश्वास जिथून आला, तो इतिहास थोडक्यात सांगण्यासारखा आहे. २३ डिसेंबर १९५४ रोजी बॉस्टनच्या पीटर बेंट ब्रिगहॅम रुग्णालयात जोसेफ मरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोनाल्ड हेरिक याची किडनी त्याचा एकसारखा जुळा भाऊ रिचर्ड याला बसवली. दीर्घकाळ यशस्वी ठरलेले हे जगातले पहिले किडनी प्रत्यारोपण. रिचर्ड त्यानंतर आठ वर्षे जगला, रोनाल्ड २०१० पर्यंत. मरे यांना १९९० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हा शरीराने परकी किडनी नाकारू नये यासाठी औषधे नव्हती, आणि दोन्ही भावांची जनुके तंतोतंत एक असल्यामुळेच ते साधले. भारतात मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९६५ मध्ये पहिला प्रयत्न झाला आणि १९७१ मध्ये वेल्लोरला जिवंत दात्याकडून यश मिळाले. पुढे औषधे सुधारली आणि आज नवराबायकोतही उत्तम प्रत्यारोपणे होतात. तरी ‘जितके रक्ताचे नाते जवळचे तितके चांगले’ हा त्या पहिल्या काळाचा संस्कार लोकांच्या मनातून गेलेला नाही. आनुवंशिक आजारात मात्र हेच जवळचे नाते धोक्याचेही असते.

यातूनच एक गैरसमज जन्माला येतो आणि तो जिवावर बेतू शकतो. ‘टायपिंग जुळले, म्हणजे किडनी चांगली’ असे घरोघर म्हटले जाते. टायपिंग म्हणजे एचएलए तपासणी. ही जनुके सहाव्या गुणसूत्रावर असतात. सख्ख्या भावंडांत ती पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक, अर्धी जुळण्याची दोनात एक आणि अजिबात न जुळण्याची पुन्हा चारात एक. पॉलिसिस्टिक किडनीचा दोष असतो सोळाव्या किंवा चौथ्या गुणसूत्रावर. म्हणजे टायपिंगचा निकाल आणि आजार असणे-नसणे यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. टायपिंग शंभर टक्के जुळलेला भाऊ आजारी असू शकतो आणि अजिबात न जुळलेली बहीण ठणठणीत. क्रॉसमॅच, रक्तगट, टायपिंग या सगळ्या तपासण्या घेणाऱ्याचे शरीर किडनी स्वीकारील का एवढेच सांगतात. देणाऱ्याला ती किडनी पुढची चाळीस वर्षे स्वतःला लागणार आहे का, हे त्या सांगत नाहीत.

ते सांगणारी तपासणी बहुतेक वेळा साधी सोनोग्राफीच असते, पण ती वाचताना वय बघावे लागते. घराण्यात आजार असलेल्या माणसाला १५ ते ३९ या वयात दोन्ही किडन्या मिळून तीन किंवा जास्त सिस्ट, म्हणजे त्या द्रवाच्या पिशव्या, दिसल्या तर आजार आहे असे धरतात. ४० ते ५९ मध्ये प्रत्येक किडनीत किमान दोन हव्यात. आता दोन रिपोर्ट शेजारी ठेवून बघू. रुग्णाचा थोरला भाऊ ४६ वर्षांचा आहे, सोनोग्राफीत उजव्या किडनीत एक छोटी सिस्ट, डावी स्वच्छ. हा भाऊ सुटला, कारण चाळिशीनंतर दोनपेक्षा कमी सिस्ट असतील तर आजार नाही असे खात्रीने म्हणता येते, आणि त्या वयात एखादी साधी सिस्ट कुणालाही असते. धाकटी बहीण २४ वर्षांची आहे, रिपोर्टवर लिहिले आहे ‘दोन्ही किडन्या नॉर्मल’. घरच्यांना वाटते, हिचा रिपोर्ट जास्त चांगला, वयही कमी, हिचीच घ्यावी. प्रत्यक्षात धोक्याचा रिपोर्ट हाच आहे. पीकेडी २ असलेल्या तिशीआतल्या माणसांपैकी जवळजवळ तीस टक्के लोक सोनोग्राफीच्या या निकषातून सुटून जातात. तिच्या गाठी अजून दिसण्याएवढ्या मोठ्या झालेल्या नसतील एवढाच त्या ‘नॉर्मल’चा अर्थ असू शकतो. तरुण भावंडाला दाता करायचे असेल तर एमआरआय लागतो. एमआरआयमध्ये चाळिशीआतल्या माणसाला एकूण पाचपेक्षा कमी सिस्ट असतील तर आजार नाही असे मानतात. तरीही शंका राहिली तर जनुक चाचणी.

जनुक चाचणीचीही एक अट आहे आणि ती रुग्णालयात नीट सांगितली गेली नाही तर पैसे वाया जातात. पीकेडी १ हे जनुक फार मोठे आहे आणि त्याच गुणसूत्रावर त्याच्यासारखी दिसणारी सहा निकामी जनुके आहेत, त्यामुळे नेमका दोष शोधणे अवघड जाते. दहाएक टक्के घराण्यांत तो सापडतच नाही. म्हणून आधी रुग्णाची चाचणी करायची, त्याच्यात दोष कुठे आहे ते ठरवायचे आणि मग भावंडात नेमका तोच दोष आहे का ते बघायचे. रुग्णाला सोडून थेट भावंडाचे रक्त पाठवले आणि ‘दोष आढळला नाही’ असा अहवाल आला, तर त्या कागदाने काहीच सिद्ध होत नाही. रुग्णाची चाचणी महाग पडते. सापडलेला एकच दोष भावंडांत शोधणे मात्र पुष्कळ स्वस्त असते, आणि ते एकदा झाले की पुढच्या पिढीलाही उपयोगी पडते. जिवंत दात्यांविषयीची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे ‘केडिगो’ या संस्थेने २०१७ मध्ये काढली. नात्यातल्या दात्याच्या बाबतीत घराण्यातला आजार आधी वगळावा, असाच त्यांचा रोख आहे.

सगळेच आनुवंशिक आजार पॉलिसिस्टिकसारखे वागत नाहीत. अल्पोर्ट या आजारात लघवीतून रक्त जाते, पुढे ऐकू कमी येते, आणि बहुतेक घराण्यांत दोष एक्स गुणसूत्रावर असतो. तिथे उत्तर अनेकदा साध्या लघवी तपासणीत मिळते. त्या घरातल्या भावाची लघवी वारंवार तपासून स्वच्छ आली तर तो जवळपास सुटलाच. बहिणीचे मात्र बारकाईने बघावे लागते. दोष असलेल्या स्त्रियांना फक्त ‘वाहक’ म्हणून सोडून देण्याची रीत होती. एका मोठ्या युरोपीय अभ्यासात अशा स्त्रियांपैकी सुमारे १२ टक्क्यांची किडनी चाळिशीच्या आत निकामी झालेली आढळली. भावाला वाचवण्यासाठी पुढे आलेल्या अशा बहिणीची किडनी घेणे हा शेवटचा उपाय असावा. याउलट नेफ्रोनोफ्थिसिससारख्या अप्रभावी आजारात आई आणि वडील दोघांकडून दोष यावा लागतो. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल असलेल्या घराण्यांत असे आजार दिसण्याची शक्यता वाढते. तिथे एकच दोष असलेले निरोगी भावंड बहुतेक वेळा सुरक्षितपणे किडनी देऊ शकते. काही आजारांत नवी किडनीही त्याच मार्गाने जाते. पॉलिसिस्टिक नव्या किडनीत परत येत नाही, पण ऑक्झलेट साचण्याच्या आजारात मूळ बिघाड यकृतात असतो आणि नुसती किडनी बदलून भागत नाही. या सगळ्या फरकांकडे बघता ‘किडनी कशामुळे गेली?’ याचे उत्तर न शोधता दाता शोधणे ही वेळेची बचत नाही, तो जुगार आहे. आपल्याकडे कितीतरी रुग्ण पहिल्यांदा दवाखान्यात येतात तेव्हा किडन्या आक्रसलेल्या असतात आणि कागदावर कारणाच्या जागी ‘अज्ञात’ लिहिले जाते. त्या एका शब्दामागे एखादी वंशावळ दडलेली असू शकते.

दाता निरोगी ठरला तरी त्याच्यावर काहीच परिणाम होत नाही, असे सांगणे चुकीचे आहे. दिलेल्या किडनीची भरपाई उरलेली किडनी बऱ्याच अंशी करते आणि काम पूर्वीच्या साधारण ६५ ते ७० टक्क्यांवर स्थिरावते. शस्त्रक्रियेत दगावण्याचे प्रमाण दहा हजारांत तीनच्या आसपास आहे. अमेरिकेत ९६ हजारांहून अधिक दात्यांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पंधरा वर्षांत दर दहा हजार दात्यांमागे सुमारे ३१ जणांची किडनी निकामी झाली, तर तेवढ्याच निरोगी पण किडनी न दिलेल्या लोकांत सुमारे चौघांची. आकडे छोटे आहेत आणि बहुतेक दाते उत्तम आयुष्य जगतात. पण फरक खरा आहे. त्याच वर्षी नॉर्वेतूनही असाच निष्कर्ष आला. तिथले बहुतेक दाते रुग्णांचे जवळचे नातेवाईक होते आणि अभ्यासकांनीच आनुवंशिकता हे संभाव्य कारण म्हणून मांडले. मूल होऊ घातलेल्या बहिणीसाठी आणखी एक आकडा महत्त्वाचा आहे. कॅनडातल्या २०१५ च्या अभ्यासात किडनी दिलेल्या स्त्रियांत गरोदरपणी रक्तदाब वाढण्याचे प्रमाण ११ टक्के होते, न दिलेल्यांत ५ टक्के.

बहिणीचा मुद्दा वेगळा काढायला हवा. १९९५ ते २०२१ या काळात देशात झालेल्या प्रत्यारोपणांत अवयव मिळालेल्या पाच जणांपैकी साधारण चार पुरुष होते, आणि जिवंत दात्यांत बायकांची संख्या जास्त असते. यामागे प्रेम आहे हे कुणी नाकारत नाही. पण कमावता पुरुष वाचला पाहिजे हा हिशोबही आहे, आणि वऱ्हाडातल्या घरात बहीण ‘नाही’ म्हणाली तर माहेर तुटते ही भीतीही आहे. माहेरची वाट बंद होईल म्हणून दिलेल्या होकाराला संमती म्हणता येत नाही. कौंडण्यपूरच्या कथेत भाऊ रुक्मीने बहिणीसाठी शिशुपाल ठरवला होता. रुक्मिणीने भावाचे न ऐकता आपला निर्णय पत्राने द्वारकेला कळवला, आणि त्या निर्णयाची पालखी आपण आजही खांद्यावर घेतो. बहिणीला स्वतःचे मन असते हे या गावाला वेगळे शिकवायला नको. कायद्याचाही इथे आधार आहे. अवयव प्रत्यारोपणाच्या २०१४ च्या नियमांनुसार दाता स्त्री असेल तर अधिक काळजी घ्यावी आणि तिची स्वतंत्र संमती रुग्णाखेरीज दुसऱ्या व्यक्तीकडून पडताळून घ्यावी. उलट बाजूही बघायला हवी. द्यायची मनापासून इच्छा असलेल्या बहिणीला सासरची सही आणायला लावली जाते. २०२२ मध्ये वडिलांना किडनी देऊ इच्छिणाऱ्या एका विवाहितेच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने स्पष्ट केले की नवऱ्याची परवानगी कायद्याने बंधनकारक नाही. तिचा नकार जसा तिचा, तसा होकारही तिचाच.

१९९४ चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा ज्या राज्यांच्या मागणीवरून झाला, त्यात महाराष्ट्र आणि गोवा होते. भाऊ-बहीण त्यात पहिल्यापासून ‘जवळचे नातेवाईक’ आहेत. आजी-आजोबा आणि नातवंडे २०११ च्या दुरुस्तीने आली. कायद्याचा सगळा भर किडनीचा बाजार रोखण्यावर आहे, आणि त्याची गरज अकोल्याइतकी कुणाला पटणार? २०१५ च्या अखेरीस अकोल्यात उघड झालेल्या प्रकरणात कर्जात बुडालेल्या गरिबांना गाठून त्यांच्या किडन्या काढल्या गेल्या आणि काहींना त्यासाठी श्रीलंकेपर्यंत नेले गेले. म्हणून नाते सिद्ध करायला जन्मदाखला, रेशनकार्ड, तहसीलदाराचा किंवा सरपंचाचा दाखला असे एकेक कागद मागितले जातात, आणि ते मागावेतच. पण सरपंचाचा दाखला हा माणूस खरोखर भाऊ आहे एवढेच सांगतो. आनुवंशिक आजारात तो खरोखर भाऊ असणे हेच तर काळजीचे कारण! नियमांत दात्याच्या प्रकृतीचा दाखला डॉक्टरने द्यायचा असतो. घराण्यात आनुवंशिक आजार असेल तेव्हा त्या दाखल्यात आणखी तीन गोष्टी असाव्यात: रुग्णाच्या किडनीविकाराचे कारण, दात्यात तो आजार कोणत्या तपासणीने आणि कोणत्या वयात वगळला, आणि ही तपासणी रुग्णावर उपचार न करणाऱ्या डॉक्टरने केली आहे की नाही. यासाठी नवा कायदा नको, प्रत्यारोपण समितीने एक पान वाढवले तरी पुरे.

यावर पहिला आक्षेप येतो तो वेळेचा. डायलिसिसवरचा माणूस दिवसेंदिवस खंगतो, त्याला एवढ्या तपासण्यांची चैन परवडत नाही. साप चावण्यासारख्या कारणाने अचानक निकामी झालेल्या किडनीबाबत कुणी असे म्हटले तर समजू शकते. पॉलिसिस्टिक किडनी मात्र वीस-तीस वर्षे आधी दिसू लागते. किडनीचे काम तीस टक्क्यांवर आले की भावंडांची तपासणी सुरू करता येते. मग डायलिसिस लागण्याआधीच प्रत्यारोपण शक्य होते आणि त्याचा निकाल सर्वांत चांगला असतो. घाई होते ती आपण उशिरा जागे होतो म्हणून, आणि त्या उशिराची किंमत भावंडाने मोजावी हे बरोबर नाही. खर्चाचा आक्षेप मात्र खरा आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत किडनी प्रत्यारोपणाची मर्यादा २०२३ मध्ये अडीच लाखांवरून साडेचार लाख झाली. अमरावतीच्या विभागीय संदर्भ सेवा रुग्णालयात आणि नागपूरच्या शासकीय सुपर स्पेशालिटी रुग्णालयात प्रत्यारोपणे होतात, हा विदर्भाच्या गरिबांसाठी मोठाच दिलासा आहे. दात्याचा एमआरआय आणि घराण्याची जनुक चाचणी याच योजनेतून व्हावी ही मागणी लोकप्रतिनिधींनी लावून धरली पाहिजे. चुकीच्या दात्यामुळे एका घरात पुढे दुसरा डायलिसिसचा रुग्ण तयार झाला, तर त्याचा खर्च अखेर सरकारी तिजोरीवरच येतो.

दुसरा आक्षेप जास्त खोलवरचा आहे: कळले नाही तर सुखी राहतो, कळले तर मुलीचे लग्न मोडते. स्थळ बघताना ‘त्यांच्या घरी किडनीचे आहे’ ही कुजबूज काय करते, हे वऱ्हाडात सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणूनच तपासणीला कुणावरही सक्ती नसावी आणि निकाल ज्याचा त्यालाच कळावा, रुग्णालासुद्धा नाही. पण किडनी द्यायला पुढे आलेल्या माणसाला न कळण्याची सवलत देता येत नाही, कारण त्याच्या शरीरातून एक किडनी काढली जाणार असते. शिवाय कळण्यात आता नुसते दुःख नाही. पॉलिसिस्टिकमध्ये तरुण वयात रक्तदाब काटेकोर ठेवला तर किडनीचे फुगणे मंदावते असे २०१४ च्या एका मोठ्या अभ्यासात दिसले. टोल्व्हॅप्टन हे औषध किडनीचे काम घसरण्याचा वेग कमी करते हे २०१२ पासून दिसले आहे. ते महाग आहे आणि सर्वांसाठी नाही, पण ते आहे. दाता म्हणून बाद झालेला भाऊ रिकाम्या हाताने परत जात नाही. त्याचा आजार इतरांपेक्षा कितीतरी आधी सापडलेला असतो.

तिसरा आक्षेप मायेचा आहे. भावासाठी जीव द्यायला तयार असलेल्याला हिशोब कसला सांगता? अशा घरातला हिशोब मात्र एका भावापुरता कधीच नसतो. चार भावंडांत दोघे आजारी असतील तर निरोगी दोघांवर दोघांचा हक्क सांगितला जातो, आणि दहा-पंधरा वर्षांनी पुतण्या-भाचीही त्या रांगेत येतात. निगेटिव्ह निघालेले भावंड ही अख्ख्या कुटुंबाची दुर्मीळ ठेव होते आणि त्याच्यावरचे दडपणही तेवढेच वाढते. आपण सुटलो याचे ओझे बाळगून अनेकजण होकार देतात. अशा माणसाला नकार द्यायची वाट मोकळी ठेवावी लागते. म्हणून दात्याशी एकांतात बोलावे, आणि त्याला नको असेल तर डॉक्टरांनी घरच्यांना ‘वैद्यकीयदृष्ट्या योग्य नाही’ एवढेच सांगावे, कारण सांगू नये. जगभरची चांगली केंद्रे हे करतात. त्यात खोटेपणा नाही, दात्याची गुप्तता राखणे आहे. निगेटिव्ह भावंडाला एक गोष्ट मात्र निर्धास्तपणे सांगता येते: पॉलिसिस्टिकचा दोष त्याच्यात नसेल तर त्याच्या मुलांतही नसतो. त्याने किडनी दिली तर पुढे स्वतःच्या मुलाला हाच आजार होऊन ती लागेल, ही भीती त्याने मनातून काढावी. म्हणून माझ्या मते अशा घरात सर्वांत योग्य जिवंत दाता असतो तो चाळिशी ओलांडलेला, तपासून निर्धोक ठरलेला आणि स्वतःहून पुढे आलेला भाऊ किंवा बहीण. विशीतली, अजून मूल न झालेली बहीण त्या यादीत बरीच खाली येते, तिचे टायपिंग कितीही जुळो.

भावंडांचा दरवाजा असा अरुंद केला तर रुग्णांनी जायचे कुठे? पहिला रस्ता घरातच आहे आणि तो रक्ताच्या नात्याबाहेरचा आहे: नवरा किंवा बायको. रक्तगट जुळत नसेल तर अदलाबदल. आपली बायको दुसऱ्या रुग्णाला देते, त्याची बायको आपल्याला. २०११ च्या दुरुस्तीने याला मान्यता दिली आणि मुंबईत यासाठी अ‍ॅपेक्स स्वॅप ट्रान्सप्लांट रजिस्ट्री चालते. विदर्भातल्या जोड्या तिथे किंवा नागपूरच्या यादीत नोंदवल्या गेल्या तर आनुवंशिक आजाराच्या घरांना तिचा सर्वांत जास्त उपयोग होईल, कारण त्यांच्याकडे रक्ताचे दाते कमी आणि लग्नाचे नातेवाईक तितकेच असतात. दुसरा रस्ता मरणोत्तर दानाचा. नागपूरच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रात नाव नोंदवायला डायलिसिस सुरू होऊन वर्ष उलटायची वाट बघू नये. आनुवंशिक आजाराच्या घरांनी तर मेंदुमृत नातलगाच्या अवयवदानाला सर्वांत आधी उभे राहावे. अपघातानंतर मेंदुमृत घोषित झालेल्या एका माणसाकडून दोन रुग्णांना किडनी मिळते आणि त्या दोघांच्या भावंडांवरचे दडपण उतरते. समृद्धी महामार्ग आणि राष्ट्रीय महामार्ग यांवरच्या अपघातांतले गंभीर जखमी अमरावती-नागपूरलाच येतात. मेंदुमृत्यू वेळेत ओळखणे, कुटुंबाशी बोलणारा प्रशिक्षित समन्वयक नेमणे, ही कामे मोठ्या शहरांपुरती राहिली तर वऱ्हाडातल्या भावाबहिणींवरचा भार हलणार नाही.

राहिली मुले. आजार असलेल्या आईबापाच्या दहा-बारा वर्षांच्या मुलाची ‘एकदा करून टाकू’ म्हणून जनुक चाचणी करणे मला पटत नाही. त्या वयात तिच्यावरून करण्यासारखे फार थोडे असते आणि निकाल त्याला जन्मभर वागवावा लागतो. त्याचा रक्तदाब मात्र दरवर्षी मोजावा. तो जवळच्या आरोग्य केंद्रात फुकट मोजला जातो आणि वाढलेला सापडला तर लगेच उपचार होतो. अठरा पूर्ण झाले की सोनोग्राफी करायची की नाही, जनुक चाचणी हवी की नको, हे त्याने किंवा तिने डॉक्टरांशी बोलून ठरवावे. त्या वेळी घरातल्या फाइलमध्ये बापाच्या जनुक चाचणीचा कागद असेल, त्यात दोषाचे नेमके ठिकाण लिहिलेले असेल, तर त्याचे उत्तर काही हजार रुपयांत आणि काही आठवड्यांत मिळेल. तो कागद आज, बाप हयात असतानाच तयार करून ठेवायला हवा.